डॉक्सोरुबिसिनची मुक्त मूलके मोजताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रकल्पासाठी कर्करोगविरोधी औषध निवडतात तेव्हा बहुतेकांच्या हाती डॉक्सोरुबिसिनच असते. या औषधातील क्विनोनचा भाग रिडक्टेज विकराकडून (एन्झाइमकडून) एक इलेक्ट्रॉन घेऊन सेमीक्विनोन मूलक, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील रेणू, बनतो, तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे मूलक तयार करतो आणि स्वतः मूळ रूपात परततो; त्यामुळे औषध फारसे न संपता मूलके निघत राहतात. हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेचे एक कारण म्हणून या चक्राकडे पाहिले जाते.

सायटोक्रोम सी हे प्रथिन सुपरऑक्साइडकडून इलेक्ट्रॉन घेते आणि ५५० नॅनोमीटरला जास्त प्रकाश शोषते; ते रीडिंग चढले की 'सुपरऑक्साइड मिळाले' असे लिहून टाकण्याची घाई होते. पण सेमीक्विनोनही सायटोक्रोम सीला थेट इलेक्ट्रॉन देऊन त्याचे क्षपण करू शकते. म्हणून त्याच मिश्रणात सुपरऑक्साइड नष्ट करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर घालून जेवढी वाढ थांबते, तेवढीच सुपरऑक्साइडच्या खात्यावर धरावी. या विकराचे कार्य मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्येच दाखवले आहे, तेव्हा हा कंट्रोल वगळण्यास कोणतीही सबब चालणार नाही.

सर्वांत जास्त फसवते ते लोह. अशुद्धी म्हणून आलेले लोहही हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते; हीच फेंटन अभिक्रिया. एका मे महिन्यात आमच्याकडे डीऑक्सिरायबोज आणि थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी चालू होती; हायड्रॉक्सिल मूलक असले की तिच्यात गुलाबी रंग येतो. औषध आणि विकर दोन्ही नसलेली, फक्त हायड्रोजन पेरॉक्साइड व ॲस्कॉर्बिक आम्ल असलेली नळीही उकळत्या पाण्यातून गुलाबी होऊन बाहेर आली. दोन दिवस आम्ही अभिकारकांवर संशय घेतला. शेवटी बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या डिस्टिलेशन युनिटचे झाकण उघडले, तर आत गंजाचा तांबूस थर होता. बफर लोह धरून ठेवणाऱ्या चेलेक्स रेझिनमधून काढून घ्यावा आणि स्टीलचा चमचा बाटलीत घालू नये. धातू बांधणारे ईडीटीए टाकून निश्चिंत होणे ही त्यावरची दुसरी चूक, कारण ईडीटीएने धरलेले लोह फेंटन अभिक्रिया चालूच ठेवते. ती थांबवायची असेल तर लोह घट्ट बांधणारे डेस्फेरीऑक्सामिन वापरावे. शिवाय औषध स्वतःच लाल असल्याने ५३२ नॅनोमीटरच्या रीडिंगमधून केवळ औषध असलेल्या नळीचे रीडिंग वजा करणे आवश्यक आहे.

औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवून हायड्रॉक्सिल मूलक शोधणे म्हणजे चोराला आधीच पळवून लावून पहारा बसवणे. डीएमएसओ ते मूलक स्वतःच टिपतो. ट्रिस बफरही तेच करतो.

प्रकल्पासाठी ब्लिओमायसिन हे दुसरे कर्करोगविरोधी औषध निवडलेल्यांनी मात्र लोहाविषयीचे वरचे सारे उलटे वाचावे. फेरस लोह आणि ऑक्सिजन मिळाल्याशिवाय हे औषध डीएनएच्या शर्करेतील हायड्रोजन काढून डीएनए तोडू शकत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने डॉक्सोरुबिसिनसाठी केलेलाच डेस्फेरीऑक्सामिनयुक्त बफर त्यात वापरला, जेलवर डीएनए अखंड दिसला, आणि औषध खराब निघाल्याची तक्रार पुरवठादाराकडे गेली. बाटली उत्तम होती.