टर्बो इंजिनावर स्टँडअलोन ईसीयू ट्यून करताय? आधी या चुका टाळा

झेनमध्ये एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन, त्याला एक छोटा टर्बो आणि वर स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी चालवणारा, स्वतः ट्यून करायचा कॉम्प्युटर. जळगाव-धुळ्याकडे हा घाट घालणारी मुलं आता बरीच दिसतात. इंजिन बसतं, वायरिंग होतं, गाडी सुरूही होते आणि मग फोन येतो, "भाऊ, तुमचा फ्युएल मॅप पाठवा ना."

मॅप, म्हणजे कुठल्या आरपीएमला आणि दाबाला किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता, मी पाठवत नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा मॅपमध्ये नसतं. ईसीयूला इंजिन दिसत नाही. सेन्सर जे सांगतील तेच तो खरं मानतो. सेन्सर खोटं सांगत असेल तर तुम्ही आठवडाभर लॅपटॉपवर आकडे हलवाल आणि ते सगळे त्या खोट्याला जुळवलेले असतील.

टायमिंग लाइट न लावणं

ही सगळ्यांत महागडी चूक. टायमिंग म्हणजे पिस्टन सगळ्यांत वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. स्क्रीनवर १५ अंश दिसतात म्हणून ठिणगी १५ अंशांवरच पडते असं नाही. क्रँकवरच्या ३६-१ चाकावरचा (३६ पैकी एक दात नसलेलं चाक) गाळलेला दात सेन्सरसमोर येतो तेव्हा पहिला पिस्टन नेमका कुठे असतो, हे ईसीयूला तुम्हीच सांगायचं असतं. तो कोन दहा अंशांनी चुकला तर टायमिंगच्या मॅपमधला प्रत्येक आकडा दहा अंशांनी खोटा. नुसत्या रेसवर कळणारही नाही. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून आत ढकलत असताना, दहा अंश जादा ॲडव्हान्स मिळाला (ठिणगी तेवढी आधी पडली) की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते.

सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करा, पुलीवर टायमिंग लाइट (पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारा आणि मार्क जुळेपर्यंत ट्रिगरचा कोन बदला. त्याआधी पुलीवरचा मार्क तरी खरा आहे का, ते प्लगच्या भोकातून पिस्टन वर आणून तपासा. जुन्या पुलीचं रबर सरकलेलं असतं, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

इथे बरेच जण थांबतात. थांबू नका. लॉक तसाच ठेवून रेस ३००० पर्यंत न्या. मार्क जागेवर राहिला पाहिजे. आरपीएमबरोबर तो सरकत असेल आणि क्रँक सेन्सर दोन वायरींचा चुंबकी असेल, तर आधी त्या दोन वायरी उलट्या लागल्यात का बघा. मधूनच सिंक (ईसीयूची क्रँकशी जुळणी) तुटणं, चार हजारांच्या पुढे गाडीने मिसिंग मारणं, ही दुखणीही बऱ्याचदा इथूनच सुरू होतात.

मॅप सेन्सरला गृहीत धरणं

हा मॅप म्हणजे तक्ता नव्हे, इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे सेन्सरने ९७ ते ९९ केपीए (किलोपास्कल) दाखवायला हवं. मोबाइलवरच्या हवामानातला दाबाचा आकडा इथे भरू नका. तो समुद्रसपाटीला जुळवून दिलेला असतो.

आणि बिनटर्बो गाडीचा मूळ सेन्सर काढून टाका. तो वातावरणाच्या दाबाच्या थोडंच पुढे जाऊन अडतो. आत १७० केपीए दाब असताना ईसीयूला १०५ दिसले तर तो पेट्रोल कमी देणार आणि ॲडव्हान्स जास्त. एमपीएक्स ४२५० हा सेन्सर २५० केपीएपर्यंत मोजतो, सुरुवातीच्या बूस्टला पुरेसा आहे. त्याची नळी थेट मॅनिफोल्डवरून वेगळी घ्या आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा. बूस्टमध्ये ती निसटली तर वाचायला वेळ मिळत नाही.

खान्देशातला उन्हाळा विसरणं

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे नवतपात पारा ४५ च्या आसपास असतो आणि डिसेंबरच्या पहाटे १०-१२ वर येतो. या दोन हवांच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक आहे. हवेच्या तापमानाचा सेन्सर बरोबर असेल तर ईसीयू हा फरक स्वतः भरून काढतो. सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलेलं असेल तर मे महिन्यात तुम्ही ती चूक नकळत फ्युएल मॅपमध्येच मुरवता आणि थंडीत गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. बर्फाचं पाणी, खोलीचं तापमान आणि उकळतं पाणी, या तिन्हींत सेन्सर बुडवून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे.

जागा त्याहून महत्त्वाची. एका मित्राची गाडी सकाळी झकास पळायची आणि दुपारी सिग्नलवरून निघाली की पहिल्याच ओढीला अडखळायची. सेन्सर मॅनिफोल्डच्या ॲल्युमिनियममध्ये बसवलेला होता. उभ्या गाडीत धातू तापायचा, सेन्सर ७५ दाखवायचा, प्रत्यक्षात आत जाणारी हवा ५० ची. गरम हवा विरळ, या हिशेबाने ईसीयू सात टक्के पेट्रोल कमी करायचा, आणि तेही नेमकं बूस्ट येत असताना. उघड्या टोकाचा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरच्या) पाइपमध्ये लावला, दुखणं संपलं. मॅपला हातही लावावा लागला नाही.

सेन्सर खरं सांगू लागला की ५० अंशांच्या पुढे दर दहा अंशांना एक-दोन अंश टायमिंग मागे घेणारा तक्ता भरा. आपल्याकडे हा तक्ता रिकामा ठेवणं मला मान्य नाही.

लीन दिसलं की पेट्रोल वाढवणं

वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. बूस्टच्या दाबाने ठिणगी विझली की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मीटर लीन दाखवतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, मिसिंग आणखी वाढतं. आधी प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमीवर आणून बघा. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी असंच फसवं लीन दिसतं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती काळा माग शोधा.

आकडे लॅम्डातच बोला. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमक्या मिश्रणाच्या किती पट आहे ते. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं नेमकं मिश्रण साधारण १३.५ भाग हवेला एक भाग पेट्रोल असं असतं, पण साध्या पेट्रोलवर सेट केलेला मीटर तेव्हाही १४.७ च दाखवतो. कुठेतरी वाचलेले १३.५ मीटरवर शोधत बसलात तर उगाच रिच (जादा पेट्रोलवर) चालवाल. लॅम्डा १ म्हणजे १, पेट्रोल कुठलंही असो. पूर्ण बूस्टमध्ये मी ०.७८ ते ०.८२ धरतो. जुना मॅप कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर केलेला असेल तर ई-२० वर तो लीन पडेल, पुन्हा तपासा.

थोडक्यात, पण सोडू नका

सेन्सरची अर्थिंग बॉडीला नको, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच हवी. ईसीयूची मुख्य अर्थिंग थेट इंजिनच्या हेडवर. फॅन लागला की सगळे आकडे एकदम हलत असतील तर दोष अर्थिंगचा आहे. फ्युएल रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डला जोडलेली हवी: ०.७ बार बूस्टला इंजेक्टरच्या रेलमधला दाब ३ वरून ३.७ बार व्हायलाच हवा. होत नसेल तर पंप थकलाय किंवा त्याची वायर बारीक आहे. ऑटोट्यून (सॉफ्टवेअरने स्वतः फ्युएल मॅप दुरुस्त करणं) गरम इंजिनावर, बिनबूस्टच्या भागापुरतंच वापरा. टायमिंगचं त्याला काही कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फाइल तारखेसकट सेव्ह.

इंजिन बदलताना मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं, म्हणून आरटीओची परवानगी आणि आरसीवरची नोंद आधी करून घ्या. आणि कन्नड घाटात किंवा हायवेवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बूस्ट ट्यून करू नका. मधे दुसऱ्याचा संसार येतो. त्यासाठी डायनोचा (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) एक दिवस घ्या.

त्या दिवशी वेस्टगेटच्या (एक्झॉस्टला टर्बोच्या बाजूने सोडून बूस्ट आवरणारी झडप) स्प्रिंगवर मिळेल तेवढंच बूस्ट ठेवा, बूस्ट कंट्रोलर जोडूच नका. त्याच्या थोडं वर फ्युएल कट लावा. बिनटर्बोच्या टायमिंगमधून दर पीएसआयला एक अंश कमी करून सुरुवात करा. पहिली पूर्ण ओढ झाली की इंजिन तिथेच बंद करा, प्लग काढा आणि भिंगाखाली चिनीमातीचा भाग बघा. त्यावर बारीक चंदेरी ठिपके असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. दुसरी ओढ मारू नका, गाडी ट्रेलरवर घाला आणि परत टायमिंग लाइटपासून सुरू करा.