भूकंपरोधक इमारतींच्या कामात येताय? आधी जमीन, मग बेअरिंग

ठाण्यातल्या एका आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसात मी डिझाइनचं काम करतो. नवीन येणारी मुलं-मुली लवकरच विचारतात, "सर, आपल्याकडे बेस आयसोलेशनची कामं येतात का?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

बेस आयसोलेशनमध्ये रबर आणि पोलादी पत्र्यांच्या आलटूनपालटून थरांची, मध्ये शिशाचा गाभा असलेली बेअरिंग पाया आणि इमारत यांच्यामध्ये बसवतात. जमीन हादरली की बेअरिंग आडवी सरकते आणि वरची इमारत सावकाश डोलते. २००१ च्या भूकंपानंतर भुजचं जिल्हा रुग्णालय अशाच बेअरिंगवर नव्याने उभं राहिलं. आता आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकाचा भाग ६ खास अशा इमारतींसाठी आहे.

पण बेस आयसोलेशन कुठे वापरायचं, हे कळायला इमारतीचा डोलण्याचा काळ, म्हणजे एकदा इकडून तिकडे डोलून परत यायला लागणारा वेळ, समजावा लागतो. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतल्या सूत्राने २१ मीटर उंचीच्या साध्या आरसीसी फ्रेमचा काळ सुमारे ०.७ सेकंद येतो. बेअरिंग लावली की तो दोन-तीन सेकंदांवर जातो. कठीण जमिनीवर हा फायदाच, कारण तिथे धक्क्याचा जोर कमी काळाच्या कंपनांत असतो. वाशीत खाडीलगत मात्र खाली मऊ चिकणमातीचे जाड थर आहेत. अशी माती सावकाश कंपनं वाढवते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत, भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर असूनही, जुन्या तळ्याच्या गाळावरच्या मध्यम उंचीच्या इमारती पडल्या. त्या गाळाचा काळ दोन सेकंदांच्या आसपास होता. त्यामुळे खाडीकाठी बेअरिंगचा विचार करण्याआधी मातीचा अहवाल नीट वाचायचा. घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा काळ मुळातच मोठा असतो, तिथे बेअरिंगने फारसं काही मिळत नाही. तिथलं काम शिअर वॉल, म्हणजे आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, करतात आणि गरज पडली तर हादऱ्याची ऊर्जा जिरवणारे डॅम्पर.

डॅम्परमध्ये मला सर्वांत सुंदर वाटते ती बकलिंग रिस्ट्रेन्ड ब्रेस. साधी तिरकी ब्रेस ताणात टिकते, दाबात वाकते. इथे पोलादी गाभ्याभोवती काँक्रीट भरलेली नळी असते, त्यामुळे गाभा ताणात आणि दाबात सारखाच नमतो आणि ऊर्जा जिरवतो. जपानमध्ये ही ब्रेस भरपूर वापरतात. ती समजली की ऊर्जा कुठे जिरवायची हा प्रश्न विचारायची सवय लागते.

साध्या इमारतीत हीच ऊर्जा बीमच्या टोकांना जिरते. म्हणून आरसीसीच्या सळयांच्या तपशिलाचं मानक आयएस १३९२० सांगतं की सांध्यावर कॉलमची ताकद बीमच्या किमान १.४ पट हवी आणि कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगचे हुक १३५ अंशांत वळवून आत गेले पाहिजेत. साइटवर ९० अंशांचे हुक दिसले तर काँक्रीट थांबवा. कव्हर, म्हणजे सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट, निघालं की ९० अंशांची रिंग उघडते आणि कॉलमच्या उभ्या सळया बाहेर फुगतात. सळया वाकवणाऱ्या फिटरला रागावून उपयोग नाही. शेजारी बसून एक रिंग वाकवून दाखवा, लगेच जमतं.

ठाणे-नवी मुंबई २०१६ च्या भूकंप-धोक्याच्या नकाशात झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात, आहेत, म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेली किल्लारी तर तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या भागात होती.

अभ्यासाचं म्हणाल तर ईटॅब्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका मजल्याच्या फ्रेमचा काळ हाताने काढा. पुढच्या शिक्षणासाठी आयआयटी रुरकीत भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. जवळ हवं तर माटुंग्याला व्हीजेटीआय, पवईला आयआयटी. आणि नोकरीच्या सुरुवातीला जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं काम मिळालं तर नाकारू नका. पार्किंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या स्टिल्टमधले कॉलम जवळून बघता येतात. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा असतो, खाली फक्त कॉलम. २००१ मध्ये अहमदाबादेत, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, अशाच कितीतरी इमारती तळमजल्यातून बसल्या. हे कॉलम जॅकेटिंगने, म्हणजे भोवती नवा थर चढवून, भक्कम करणं किंवा स्टिल्टमध्ये भिंती, ब्रेस घालणं, हे काम आपल्या भागात वर्षानुवर्षं पुरेल इतकं आहे.