मास्टर्स की पीएचडी? निर्णय कसा घ्यावा

गुण चांगले पडले की ‘मग पीएचडीच कर’ असं सांगणारे चहूबाजूंनी भेटतात. या सल्ल्याचा मला राग येतो. दुसऱ्याने आखलेला अभ्यासक्रम तुम्ही नीट पार पाडता, एवढंच गुणांवरून कळतं. पीएचडीच्या मुख्य कामात असा आखून दिलेला अभ्यासक्रमच नसतो.

सुरुवात कामापासून करा. जे काम करायचं आहे त्याच्या वीसेक जाहिराती जमवून किमान पात्रतेची ओळ वाचा. विद्यापीठातली कायम प्राध्यापकी किंवा संशोधन संस्थेत स्वतःचा गट चालवणं, यासाठी पीएचडी बहुतेक ठिकाणी लागतेच. सॉफ्टवेअर, बरीचशी अभियांत्रिकी, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य इथे मास्टर्सवर भागतं. अमेरिकेत चित्रकला, शिल्पकला यांसारख्या विषयांत एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) हीच अंतिम, म्हणजे सर्वोच्च पदवी मानतात.

मग वर्षांचा हिशोब. मास्टर्सला १ ते २ वर्षं. पीएचडीला ब्रिटनमध्ये पूर्णवेळ ३ ते ४, अमेरिकेत बहुधा ५-६ किंवा त्याहून जास्त, कारण तिथे सुरुवातीचा काळ वर्ग आणि पात्रता परीक्षांत जातो. त्यामुळेच तिथे अनेक विषयांत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात. जर्मनीत सहसा आधी मास्टर्स लागतं.

‘पीएचडीला विद्यावेतन मिळतं, तर आत शिर आणि मधेच मास्टर्स घेऊन बाहेर पड’ ही युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. तुमच्या भरवशावर मार्गदर्शकाने निधी आणि कामाची आखणी केलेली असते, शिवाय मधेच पदवी घेऊन निघण्याची सोय सगळीकडे नसते.

आता खरी अवघड पायरी: आपल्याला संशोधन मानवतं का, हे ताडून पाहणं. मी स्वतः इथेच सर्वांत जास्त अडखळलो, कारण विषयाची आवड आणि संशोधनाची आवड या दोन्ही सुरुवातीला सारख्याच भासतात. नुसता विचार करून फरक कळत नाही, काम करूनच कळतो.

अर्जाआधी दोन-तीन महिने हाताशी ठेवा आणि एक अरुंद प्रश्न निवडा. ‘हवामानबदल’ फार मोठा झाला. ‘रात्रीचं तापमान वाढलं की अमुक एका कीटकाच्या अंड्यांचं काय होतं’ इतका नेमका हवा. त्यावरचे दहाबारा शोधनिबंध वाचा आणि दोन पानांत लिहा: काय कळलंय, मतभेद कुठे आहेत, काय अजून कळलेलं नाही. पुढे त्यांतल्या एका निबंधाचा निष्कर्ष स्वतः पुन्हा काढून पाहा. मूळ आकडे खुले असतील तर आकडेमोड करा. इतिहास-साहित्यासारखा विषय असेल तर लेखकाने दिलेले उतारे मूळ साधनांत तपासा.

बहुतेकदा काहीतरी जुळत नाही. कोणत्या नोंदी वगळल्या, कोणतं एकक धरलं, हे निबंधात स्पष्ट नसतं, आणि ते शोधण्यात आठवडा जातो. या आठवड्यात स्वतःकडे नीट लक्ष द्या. चिडचिड सगळ्यांचीच होते, तिला महत्त्व देऊ नका. चालता-बोलता तोच गुंता डोक्यात घोळत राहिला तर पीएचडीचा विचार जरूर करा. ‘हे कोणीतरी सोडवून द्यावं, मी त्यावर पुढे काहीतरी उभारतो’ असं वाटलं तर मास्टर्स घ्या, आणि ते अजिबात कमीपणाचं समजू नका. मात्र पहिल्या पंधरवड्यात काहीही ठरवू नका. त्या उत्साहावर घेतलेले निर्णय पुढे फार महाग पडलेले मी पाहिले आहेत.

पीएचडी ठरली तर विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शक पारखा. त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोला, मधेच सोडून गेलेल्यांशी तर नक्की. ‘सर कसे आहेत?’ या प्रश्नाला ‘चांगले’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: मसुद्यावर शेरे किती दिवसांत मिळतात? गेले दोन-तीन विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आता काय करतात? विद्यावेतन किती वर्षं मिळतं आणि ते संपलं तर काय? उत्तरं टाळली गेली तर दुसरा मार्गदर्शक शोधा.

मास्टर्स ठरलं तर प्रबंध असलेला अभ्यासक्रम निवडा. पुढे पीएचडीकडे वळावंसं वाटलं तर तोच अर्जात उपयोगी पडतो.

अजूनही मन दोन्हीकडे ओढत असेल, तर माझं मत मास्टर्सच्या बाजूने आहे. त्यानंतर पीएचडी करता येते, पण पीएचडीत गेलेली चार वर्षं परत मिळत नाहीत.