एक मॅश, तीन बिअर: धारा मिसळायचा हिशेब

एकाच मॅशच्या, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या), पहिल्या धारेची, म्हणजे त्यातून आधी निथळलेल्या गोड पाण्याची, कडक बिअर आणि दुसरीची हलकी, असं बरेच जण करतात. मला ते पटत नाही. दुसरी धार एकटी असली की बिअर पाणचट होते, आणि तीच धार पहिलीच्या जोडीला आली की सोनं करते. लंडनच्या फुलर्स ब्रुअरीने ईएसबी ही कडक आणि लंडन प्राइड ही त्याहून हलकी बिअर एकाच मॅशमधून काढल्या, त्या धारा मिसळूनच. नागपुरात आमच्या परवान्याच्या छोट्या ब्रुअरीत मीही हेच करतो. (परवान्याशिवाय कुणी हात घालू नये. आधी उत्पादन शुल्क खात्यात चौकशी करा.)

६५ किलो पेल माल्ट, २१० लिटर पाणी, ६६ अंशांवर तासभर. किलोमागे साधारण लिटरभर पाणी दाणाच धरून ठेवतो, बाकीची पहिली धार. मग ७६ अंशांचं पाणी वरून हळूहळू सोडून दुसरी. ग्रेव्हिटी, म्हणजे धारेचा दाटपणा (साधं पाणी १.०००), १.०१०च्या खाली जाऊ लागली की थांबा. पुढे सालीचा तुरटपणा उतरतो.

दोन्ही धारा वेगवेगळ्या भांड्यांत हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घालून उकळा. ग्रेव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनलेला असतो, गरम वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या या गोड पाण्यात) तो कमी आकडा दाखवतो. नमुना गार करूनच मोजा. इथे घाई केली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

समजा उकळून पहिली १२० लिटर, १.०८० आणि दुसरी १५० लिटर, १.०३० उरली. दशांशानंतरचे आकडे हेच पॉइंट: ८० आणि ३०. लिटर गुणिले पॉइंट यांची बेरीज मिसळल्यानंतरही तीच राहते. मला ७० पॉइंटची कडक बिअर ६० लिटर हवी. ३० पेक्षा ती ४० ने जास्त, दोन धारांमधला फरक ५०. म्हणजे पहिलीचा वाटा ४०/५०. पहिली ४८ लिटर, दुसरी १२. मधली बिअर ५५ पॉइंटची, ८० लिटर: दोन्ही ४०-४०. उरलेली ३२ आणि ९८ लिटर एकत्र आली की १३० लिटर, सुमारे ४२ पॉइंट. हीच माझी आवडती, हलकी असूनही अंगात माल्ट असलेली. कडूपणाही याच प्रमाणात वाटला जातो, म्हणून पहिल्या भांड्यात हॉप्स थोडे जास्त टाका. दाट वर्टमध्ये ते कमी उतरतात.

मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की त्याने वर्ट २० अंशांवर येत नाही. चिलरचं पाणी आधीपासून तयार ठेवा, वर्ट गार करा आणि मगच फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या टाकीत) मापून मिसळा. अंदाजाने ओतू नका.

यीस्ट तिन्हींना वेगळं देता येतं. हलकीला मी संत्र्याची साल घालतो: नागपूरच्या कळमना बाजारातून आणलेली ताजी संत्री, फक्त वरची केशरी साल, पांढरा भाग खरवडून काढलेला. थोडा वर्ट बाजूला काढून त्यात साल पाच मिनिटं उकळायची, गाळून गार करायची आणि यीस्टच्या आधी फर्मेंटरमध्ये सोडायची.