दाताला तारा असताना ओठ टोचताय? या चुका टाळा

‘ब्रेसेस आहेत, पण ओठ टोचला तर चालेल ना?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’च ऐकायचं असतं. मी टोचून देते, तेच माझं काम; तरी निम्म्या जणांना परत पाठवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. एक मुलगी आली, खालच्या दातांना ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवतात ते छोटे तुकडे) लागून जेमतेम चार दिवस झालेले. ओठ आतून सोललेलाच. मी नाही म्हटलं, तर तिने दुसरीकडून टोचून घेतलं. तिथे सुजेला जागा न ठेवता दागिन्याची आखूड दांडी घातली होती. नवव्या दिवशी परत दारात हजर. दांडीच्या आतल्या टोकाची चकती ओठाच्या मांसात निम्मी रुतलेली आणि कडेला ब्रॅकेटचा हुक घासून घासून जखम ओली. जांभई आली तरी तोंड दाबून धरायची बिचारी. सरळ डॉक्टरकडे पाठवलं, असलं काम घरी ओढून काढायचं नसतं.

म्हणून माझा हट्ट: नव्या ब्रेसेसची तोंडाला सवय होऊ दे, दीड-दोन महिने तरी. तार आवळतात त्या आठवड्यात तर नाहीच. आणि तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे तारा लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरला, आधी विचारा, नंतर ‘सांगायचं राहिलं’ नको.

दुसरी चूक सूज उतरल्यावरची. सुरुवातीला दांडी लांब घालावीच लागते, पण दोन-तीन आठवड्यांनी ती बदलून आखूड घालायला यायचं असतं. येतं कोण? ‘दुखत नाहीये’ म्हणून घरी बसतात. तीच लांब दांडी मग ब्रॅकेटवर आपटते, हिरडीला घासत राहते. हिरडी एकदा खाली सरकली की आपोआप वर येत नाही.

टोचू नये म्हणून ब्रेसेसवर लावायचं मेण ब्रॅकेटवरच लावा, दागिन्यावर नाही. खोट्या कानातल्यांनी खाज येत असेल तर निकेल या धातूची अ‍ॅलर्जी असू शकते, ते आधीच सांगा. ब्रेसेसच्या बऱ्याच तारांतही निकेल असतं. दागिना टायटॅनियमचा, इम्प्लांट दर्जाचाच (शरीरात बसवायला चालतो तसा) घ्या.

नाक किंवा भुवई टोचायला तारांची आडकाठी नाही, पण जबड्याच्या एक्स-रेला धातू काढावा लागतो आणि ताजं भोक बघता बघता बुजतं. एक्स-रेची तारीख आधी विचारून घ्या, टोचायचं नंतर बघू.

जीभ मात्र ब्रेसेस निघेपर्यंत मी टोचत नाही. रुसायचं तर रुसा.