गावच्या घरी गाडी चार्ज होत नाही? आधी अर्थिंगला पाणी घाला

मे महिन्यात इलेक्ट्रिक गाडी घेऊन गावी आलात, चार्जर लावलात आणि लाल दिवा लागला, तर चार्जर बिघडला असं लगेच धरून चालू नका. बऱ्याचदा दोष अर्थिंगचा, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या जोडणीचा असतो. आपला कोकणातला जांभा दगड उन्हाळ्यात खडखडीत कोरडा पडतो, अर्थिंगची तार जिथे पुरलेली असते तो खड्डा सुकतो, जमिनीशी जोड नीट राहत नाही आणि चार्जर सुरूच होत नाही.

१. खड्ड्यात तीन-चार बादल्या पाणी हळूहळू मुरवा. तासाभराने चार्जर पुन्हा लावून बघा. पाऊस सुरू होईपर्यंत हे अधूनमधून करत राहा.

२. गाडी रात्री अकरानंतर चार्जिंगला लावा. संध्याकाळी वाडीभर पंप चालू असले की व्होल्टेज पडतं. १५ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला साधारण ३.४ किलोवॅट मिळतात, १८० व्होल्टला जेमतेम २.७. म्हणजे ३० युनिट भरायला नऊऐवजी अकरा तास.

३. खाऱ्या वाऱ्याने प्लगच्या पिना हिरवट पडतात. बटण बंद करून, प्लग काढून, कोरड्या फडक्याने पुसा. सॉकेट सैल असेल तर बदलाच.

वाटेत महामार्गावर फास्ट चार्जर मिळाला तर ८० टक्क्यांना थांबा, पुढचं फार सावकाश भरतं.

एक मात्र कळकळीने सांगतो: अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमधली न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ तारेने जोडण्याचा जुगाड कुणी सुचवला तर अजिबात करू नका. न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरू शकतो. पाणी घालूनही जमलं नाही तर वायरमनला बोलवा.