आंबुटी: ओळखायची कशी, खायची कशी, आणि कुठली उपटून टाकायची

पाऊस सुरू झाला की कोकणात गडग्याच्या कडेला, माडाच्या आळ्यात, न्हाणीचं पाणी जातं तिथे ही तीन पानांची आंबट भाजी आपोआप येते आणि आपण ती तण म्हणून उपटून टाकतो, वर बाजारात जाऊन चटणीसाठी लिंबू विकत आणतो. कुणी आंबुटी म्हणतं, कुणी आंबुशी, आयुर्वेदात चांगेरी.

ओळख सोपी आहे. एका देठाला तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं आणि मधे घडी पडलेलं, संध्याकाळ झाली की ती खाली मिटतात. फूल पिवळं, बारीक, पाच पाकळ्यांचं. शेंगा उभ्या, छोट्या भेंडीसारख्या, पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की बिया टपाटप उडतात (पोरांना हे फार आवडतं, आणि म्हणूनच ही सगळ्या कुंड्यांत पसरते). रानमेथीपण तीन पानांची असते पण तिचं फूल गुलाबी-जांभळट असतं आणि पानाला आंबटपणा नसतो. शेताच्या पाण्यात दिसणारी चार पानांची ती वेगळीच वनस्पती, तिकडे जाऊ नका.

आता प्रकार. पिवळ्या फुलाची जमिनीला धरून पसरते, ती आपली खायची. गुलाबी फुलाची, मोठ्या पानांची जी आहे ती अमेरिका खंडातून शोभेसाठी आलेली आणि आता बागांत तण होऊन बसलीय. नर्सरीत काळपट जांभळ्या त्रिकोणी पानांची मिळते तीपण याच घराण्यातली, ती कुंडीतच बरी दिसते. आणि हो, परसातला बिमला (बिलिंबी) आणि करमलसुद्धा (स्टारफ्रूट) याच कुळातले, आंबटपणा उगाच नाही.

तोडताना रस्त्याकडेची, कुत्री फिरतात तिथली किंवा फवारणी झालेल्या कलमांखालची घेऊ नका. कोवळे शेंडे खुडा आणि दोन-तीन पाण्यात धुवा, मुळाशी माती फार असते.

चटणी: दोन मुठी पानं, अर्धी वाटी ओलं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, लसणीच्या तीन पाकळ्या, मीठ आणि गुळाचा खडा. पाट्यावर वाटली तर उत्तमच, नाहीतर मिक्सर आहेच, पण पाणी अगदी चमचाभर घाला नाहीतर पातळ होते आणि मग भाकरीवर राहत नाही. तुरीच्या डाळीत घालायची असेल तर डाळ आधी पूर्ण शिजवून घ्या, कारण आंबट आधी पडलं की डाळ शिजायला वेळ लावते. पानं शेवटी घाला, दोन मिनिटांत हिरवा रंग जाऊन खाकी होतो, घाबरू नका, आंबटामुळे तसंच होतं. वरून लसणीची फोडणी. अॅल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळेचं भांडं मात्र वापरू नका.

आंबट धातूला लागतं, त्याच कारणाने आंबुटी भांडी घासायला मस्त! मूठभर पाला चुरगाळून मीठ लावून तांब्याच्या कळशीवर चोळा, काळपटपणा निघतो, लगेच धुऊन पुसून ठेवा.

औषधाचं म्हणाल तर आयुर्वेदात चांगेरी घृत अतिसारासाठी वापरतात, पण ते वैद्याने सांगितलं तर घ्यायचं, स्वतः प्रयोग नको. पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, म्हणून मुतखडा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ही टाळावीच, बाकीच्यांनीपण रोज ढीगभर खाऊ नये. दह्यात कालवून खाल्ली तर बरं, दह्यातलं कॅल्शियम त्यातल्या बऱ्याचशा आम्लाला धरून ठेवतं.

गुलाबीवाली काढायची असेल तर ओढू नका. खाली कांद्यासारखी गड्डी असते आणि तिला चिकटलेल्या बारीक बारीक गड्ड्या, ओढलं की त्या मातीतच राहतात आणि पुढच्या पावसात दुप्पट उगवतात. माती ओली असताना खुरप्याने ढेकळासकट उचला, आणि खताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नका, उन्हात कातळावर पसरून पूर्ण वाळवा मगच फेका.